निकाहाची गवाही आणि व्हिसाचा पुरावा

लग्न खरे की खोटे हे ठरवण्याचा अधिकार कोणाला? एरवी हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. मुलगा-मुलगी राजी असली, मुलीचा वकील आणि दोन गवाह हजर असले, मेहर ठरला आणि ईजाब-कबूल झाले की निकाह पुरा होतो. काझीसाहेब नवरा-नवरीच्या मनात डोकावत नाहीत. विचारले गेले आणि कबूल केले गेले, एवढेच ते ऐकतात. छुहारे वाटले जातात, दुआ होते आणि आजपासून ही दोघे नवरा-बायको, हे सारी जमात मान्य करते.

पण या जोडप्यातला एक जण ब्रिटनचा नागरिक असला आणि दुसरा रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातला असला, तर निकाहानंतर दुसरी परीक्षा सुरू होते. जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करायचा म्हणजे आपण खरोखरीच नवरा-बायको आहोत, हे एका परक्या सरकारपुढे सिद्ध करायचे. निकाहातला ‘वकील’ आणि परदेशाची ‘वकिलात’ हे दोन्ही शब्द एकाच मुळातले आहेत. पहिला मुलीची संमती सांगायला येतो. दुसरी त्या संमतीवर शंका घेऊन बसलेली असते.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. कोकणच्या खाडीकाठच्या गावांतली माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजांवर गेली, दक्षिण आफ्रिकेत आणि केनियात गेली, पुढे आखातात आणि ब्रिटनमध्ये गेली. माणसे गेली तरी सोयरीक गावाशीच राहिली. तिकडे वाढलेल्या मुलासाठी इकडची मुलगी आणि तिकडच्या मुलीसाठी इकडचा मुलगा पाहण्याची रीत आजही मोडलेली नाही. म्हणून व्हिसाच्या कागदांची चर्चा आपल्या घरांत मेहर आणि जेवणावळीच्या चर्चेइतकीच नेहमीची झाली आहे. ही चर्चा बहुधा ‘काम कसे होईल’ एवढ्यावरच थांबते. ‘हे न्याय्य आहे का’ असा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. तोच येथे विचारायचा आहे आणि त्यासाठी आम्ही मुख्यतः ब्रिटनचे उदाहरण घेतो आहोत, कारण या बाबतीत त्या देशाचा इतिहास सर्वांत बोलका आहे.

प्रेमाचे कागद

ब्रिटनच्या नियमांप्रमाणे लग्न ‘खरे आणि टिकून असलेले’ असावे लागते, आणि ते तसे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. निकाहनामा हवा. तो उर्दूत असेल तर त्याचे प्रमाणित भाषांतर हवे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली लग्नाची नोंद होते, तो दाखला जोडलेला बरा. तिकडच्या जोडीदाराच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे हवेत. राहायला पुरेशी जागा असल्याचा पुरावा हवा. क्षयरोग नसल्याचा दाखला हवा. २९ नोव्हेंबर २०१० पासून इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षाही द्यावी लागते. अर्ज संगणकावर भरायचा, केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे आणि वाट पाहायची. ज्याच्या हातात निर्णय असतो, त्याचे तोंडही पुष्कळदा दिसत नाही.

यातले बरेचसे कागद समजण्यासारखे आहेत. अडचण येते ती नाते ‘खरे’ असल्याच्या पुराव्यापाशी. त्यासाठी जोडपी एकत्र काढलेली छायाचित्रे जोडतात, विमानाची तिकिटे जोडतात, फोनच्या नोंदी आणि एकमेकांना पाठवलेले निरोप छापून जोडतात. ज्या घरात नवी सून सासऱ्यांसमोर नवऱ्याशी मोठ्याने बोलत नाही, त्या घराने प्रेमाची छायाचित्रे कोठून आणायची? निकाहाच्या दिवशी मर्दाने आणि जनाने वेगळे बसतात. वर-वधू शेजारी बसल्याचे छायाचित्र काही घरांत काढलेच जात नाही. आपल्याकडे जे शालीनतेचे लक्षण, ते फाइलीत संशयाचे कारण ठरू शकते. मग लोक अर्जासाठी म्हणून छायाचित्रे काढतात आणि जपून ठेवण्यासाठी म्हणून निरोप लिहितात. म्हणजे लग्न खरे असल्याचा पुरावा देण्यासाठी खऱ्या लग्नालाही थोडा अभिनय करावा लागतो. खोटे पकडण्यासाठी केलेला नियम खऱ्या माणसाला खोटे वागायला शिकवतो, ही या प्रश्नातली पहिली नैतिक गाठ आहे.

संशयाचा इतिहास

१९६९ मध्ये ब्रिटनने कायदा केला की तेथे राहणाऱ्या माणसाच्या बायको-मुलांनी निघण्यापूर्वीच आपल्या देशातल्या ब्रिटिश कार्यालयातून प्रवेशाचा दाखला घेतला पाहिजे. त्यामुळे नात्याचा निवाडा लंडनच्या विमानतळावरून उपखंडातल्या कार्यालयांत आला. नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे विचारायचे, घराला खोल्या किती, विहीर कोणत्या बाजूला, लग्नाला कोण कोण आले होते, आणि उत्तरे जुळली नाहीत की नाते खोटे ठरवायचे, ही तेव्हाची पद्धत. बांगलादेशातल्या सिल्हेटच्या कितीतरी कुटुंबांना या पद्धतीचा फटका बसला. बायका आणि मुले वर्षानुवर्षे मागे राहिली. पुढे १९८० च्या दशकात डीएनए चाचणी आली, तेव्हा पूर्वी नाकारलेली अनेक मुले खरोखरीच त्या बापाची असल्याचे सिद्ध झाले. तोवर त्यांतली काही मोठीही होऊन गेली होती. खरे बोलणाऱ्या माणसाला विज्ञान येईपर्यंत थांबावे लागले.

जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जे घडले ते तर आठवले तरी मान खाली जाते. पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका आपल्या नियोजित पतीशी लग्न करण्यासाठी तेथे उतरली. नियोजित वधूला त्या वेळी आगाऊ दाखला लागत नसे, बायकोला लागत असे. ही बाई आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय आला आणि तो फेडण्यासाठी तिची कौमार्याची तपासणी करण्यात आली. वृत्तपत्राने ही बातमी फोडल्यावर भारत सरकारने निषेध केला आणि ती प्रथा बंद झाली. उपखंडातल्या ब्रिटिश कार्यालयांतही अशा तपासण्या झाल्या होत्या, हे पुढे सरकारी कागदपत्रांतूनच उघड झाले. पुराव्याची भूक एकदा लागली की ती स्त्रीच्या शरीरापर्यंत जाऊनही थांबत नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

१९८० च्या नियमांत ‘मुख्य हेतू’ची अट आली. ब्रिटनमधल्या बायकोकडे जाऊ पाहणाऱ्या नवऱ्याने सिद्ध करायचे की आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही. हा पेच पाहण्यासारखा आहे. ‘मला तिच्याजवळ राहायचे आहे’ म्हटले, तर स्थायिक होण्याचा हेतू उघड झाला. ‘तीही इकडे येऊ शकते’ म्हटले, तर मग व्हिसा कशाला हवा? जे नाही ते नसल्याचे सिद्ध करायचे होते. आई-बापांनी जमवलेल्या लग्नाकडे ही अट विशेष वक्रदृष्टीने पाहत असे, कारण जोडप्याची आधीची ओळख नसेल तर प्रेम कोठले, असा तिचा हिशेब होता. जून १९९७ मध्ये नव्या मजूर सरकारने ही अट काढून टाकली. सतरा वर्षांत तिने किती घरे मोडली असतील, याची गणती कोण करणार?

याच काळात अब्दुलअझीझ, काबालेस आणि बालकंडाली या ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या तीन स्त्रियांनी स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. पुरुषाला बायको आणणे सोपे आणि स्त्रीला नवरा आणणे अवघड, हा भेदभाव आहे असे त्यांचे म्हणणे होते. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने ते मान्य केले. ब्रिटिश सरकारने निकाल पाळला, पण कसा? नवऱ्यांवरचे निर्बंध सैल करण्याऐवजी तेच बायकांनाही लावले. समता आली, पण ती सर्वांना सारखेच अडवून. कायद्याचे अक्षर पाळून त्याचा आत्मा कसा गाळता येतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

निय्यत कोणी तोलायची?

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल की मग कोणी काही विचारूच नये का? आम्ही तसे म्हणत नाही. परीक्षा घेणे म्हणजेच अपमान, असे आपल्या दीनची शिकवणही सांगत नाही. कुरआनात ‘मुम्तहिना’ नावाचा साठावा सूरा आहे. इम्तिहान हा शब्द ज्या मुळातला, त्याच मुळातले हे नाव. इ.स. ६२८ च्या हुदैबियाच्या तहानंतर मक्केहून काही स्त्रिया हिजरत करून मदीनेला आल्या. त्यांचे काय करायचे, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा त्यांची पारख करावी, असा आदेश या सूऱ्यात आला. ही पारख कशी झाली, हे तफसीरकारांनी नोंदवले आहे. नवऱ्याच्या तिरस्कारापोटी, दुसऱ्या मुलखाच्या ओढीने किंवा दुनियेच्या फायद्यासाठी आपण आलो नाही, अशी शपथ त्या स्त्रियांकडून घेतली जाई. आजच्या भाषेत हा ‘मुख्य हेतू’चाच प्रश्न होता.

प्रसंग उलटा आहे हे खरे. त्या स्त्रिया नवऱ्याला सोडून आल्या होत्या, आपल्या मुली नवऱ्याकडे निघालेल्या असतात. तरी त्या परीक्षेची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. स्त्रीची शपथ हाच तिचा पुरावा होता. अंतःकरणातले अल्लाहच अधिक जाणतो, ही कबुली त्याच आयतीत आहे. एकदा पारख झाली की त्या स्त्रीला परत पाठवू नये, असेही तेथेच बजावले आहे. आणि मागे राहिलेल्या नवऱ्याने दिलेला मेहर त्याला परत करावा, इतका बारीक न्यायही सांगितला आहे. परीक्षा आहे, पण परीक्षकाला आपल्या ज्ञानाची मर्यादा ठाऊक आहे.

सहीह बुखारीतली पहिलीच हदीस निय्यतीची आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. त्या हदीसमध्ये उदाहरण आहे तेही हिजरतीचे, आणि कोणा स्त्रीशी निकाह करण्यासाठी स्थलांतर करणाऱ्याचा उल्लेख तिच्यात आहे. ज्याची जशी निय्यत तशी त्याची हिजरत, हा तिचा आशय. पण हा हिशेब कोणाच्या दरबारातला? तो माणसाच्या कचेरीतला नव्हे. माणसाने ज़ाहिर पाहून न्याय करायचा, बातिन अल्लाहवर सोडायचे, हे आपल्या काझींनी शतकानुशतके पाळलेले तत्त्व आहे. निकाहाला गवाह लागतात ते कबुलीचे, प्रेमाचे नव्हेत.

शिवाय हेतू कधी एकटा येतो का? आपल्या घरांतल्या सोयरिकींकडे पाहू. मुलाला नोकरी कोणती, घर स्वतःचे आहे का, नणंदा किती, हे सारे पाहूनच बाप मुलगी देतो. ‘परदेशातले स्थळ’ म्हटल्यावर सांगून येणाऱ्यांची रांग लागते. फ्लॅट पाहून केलेल्या लग्नाला कोणी खोटे म्हणत नाही. मग पासपोर्ट पाहून केलेलेच खोटे कसे? लाभ असल्याने लग्न खोटे होत नाही. एकत्र संसार करण्याचा इरादाच नसेल तर ते खोटे होते. ही रेघ स्पष्ट आहे आणि सरकारने तीच तपासावी. कागदोपत्री निकाह लावून, पैसे घेऊन वेगळे होणारे लोक आहेत. त्यांना पकडण्याचा सरकारला पूर्ण हक्क आहे आणि आपणही त्याला साथ दिली पाहिजे. पण त्यासाठी ठोस खूण हवी. जमवलेले लग्न आहे, वयात अंतर आहे, मुलगी इंग्रजीत अडखळते, या काही फसवणुकीच्या खुणा नव्हेत.

मेहर आणि मिळकत

दुसरी परीक्षा पैशाची आहे. ९ जुलै २०१२ रोजी ब्रिटनने नियम केला की परदेशी जोडीदार आणणाऱ्याची वार्षिक मिळकत किमान १८,६०० पौंड असली पाहिजे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी हा आकडा २९,००० पौंड झाला. त्याच महिन्यात तेथील कायदेशीर किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होते. आठवड्याला चाळीस तास राबले तरी त्या दराने वर्षाचे २४,००० पौंडही भरत नाहीत. म्हणजे सरकारनेच ज्याला पुरेसे वेतन म्हटले, त्या वेतनावर पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसाला परदेशी बायको वा नवरा आणता येत नाही. मिळकत नसेल आणि नुसत्या शिलकीवर अर्ज करायचा असेल, तर ८८,५०० पौंड सहा महिने हाताशी असावे लागतात. इकडची मुलगी शिक्षिका असो की परिचारिका, तिची येथली कमाई या हिशेबात धरली जात नाही.

निकाहातही पोटापाण्याचा विचार आहे. नफ़क़ा ही नवऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती पेलण्याची ताकद नसणाऱ्याने थांबावे, असेच आपल्याला शिकवले गेले. त्यामुळे नव्या जोडप्याने सरकारी मदतीवर जगू नये, हे म्हणणे आम्हांला परके वाटत नाही. पण निकाहाचा दरवाजा गरिबाला बंद केला गेलेला नाही. लोखंडाची अंगठीही जवळ नसलेल्या माणसाचा निकाह त्याला मुखोद्गत असलेल्या कुरआनवर लावून दिला गेला, तो प्रसंग प्रसिद्ध आहे. जगण्यापुरते हवे, ही अट एक. ठराविक पैसा असेल तरच प्रेमाचा हक्क, ही अट दुसरी. त्यांतला फरक २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयालाही थोडा जाणवला. मिळकतीची अट तत्त्वतः वैध ठरवताना न्यायालयाने म्हटले की तीत मुलांच्या हिताचा विचार नीट झालेला नाही. बाप इकडे, आई तिकडे आणि मूल पडद्यावर बापाचा चेहरा ओळखायला शिकते, ही स्थिती न्यायालयाच्या नजरेआड नव्हती.

केवळ पाश्चात्त्यांना बोल लावून भागणार नाही. मुस्लिम देशांतही हेच मोजमाप आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ च्या नियमाने कुटुंब आणण्यासाठी महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा, अशी अट घातली गेली. कोकणातल्या किती गावांत बायका नवऱ्याच्या फोनवर संसार करतात! नवरा तिकडे आठ जणांच्या खोलीत, बायको इकडे सासू-सासऱ्यांजवळ, आणि दोन वर्षांतून एकदा महिना-दोन महिन्यांची सुट्टी. या विरहाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो अन्याय असू शकतो, हेही आपल्याला सुचत नाही.

आपल्या घरातला खोटेपणा

आता कडू बोलणे भाग आहे. संशय घेणाऱ्याचे माप आपण काढले. पण त्या संशयाला खाद्य कोण पुरवते?

ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलीला ‘आजी आजारी आहे’ म्हणून उपखंडात आणायचे, पासपोर्ट काढून घ्यायचा, चुलतभावाशी किंवा मामेभावाशी निकाह लावायचा आणि मग तिच्याकडूनच त्याच्या व्हिसाचा अर्ज भरून घ्यायचा, अशी प्रकरणे खोटी नाहीत. ती इतकी होती की २००५ मध्ये ब्रिटिश सरकारला सक्तीच्या लग्नांसाठी खास विभाग काढावा लागला, २००७ मध्ये मुलींना संरक्षण देणारा कायदा करावा लागला आणि २०१४ मध्ये अशी सक्ती हा गुन्हा ठरवावा लागला. बापाने मनाविरुद्ध लावून दिलेला निकाह रद्द करून घेणाऱ्या खन्सा बिन्त ख़िज़ाम यांची हकीगत हदीसच्या ग्रंथांत आहे. ती वाज़मध्ये सांगायची आणि घरी मुलीला विचारायचेही नाही, हा दुटप्पीपणा आहे.

याच कारणासाठी २७ नोव्हेंबर २००८ रोजी ब्रिटनने जोडीदाराच्या व्हिसासाठी वयाची अट १८ वरून २१ केली. १२ ऑक्टोबर २०११ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती लागू करणे गैर ठरवले. काही मुलींना सक्तीपासून वाचवण्यासाठी राजीखुशीने लग्न केलेल्या असंख्य तरुण जोडप्यांना तोडणे योग्य नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तो आम्हांला बरोबर वाटतो. पण न्यायालयाने अट काढली म्हणून आपली जबाबदारी उतरत नाही, उलट वाढते. कायद्याने मुलीच्या संमतीवर विश्वास ठेवला, तर ती संमती खरी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट व्हिसा मिळाल्यानंतरची. परदेशातून आलेल्या जोडीदाराला काही काळ कच्च्या परवान्यावर राहावे लागते. ब्रिटनमध्ये ही मुदत आधी एक वर्ष होती, २००३ मध्ये दोन वर्षे झाली आणि २०१२ मध्ये पाच वर्षे. या काळात तिचे तेथे राहणे नवऱ्याबरोबरच्या संसारावर अवलंबून असते. ‘परत पाठवीन’ हे चार शब्दांहूनही लहान वाक्य हातात असलेल्या माणसाला मारहाण करायला काठी लागत नाही. १९९९ पासून घरगुती छळ सिद्ध करणाऱ्या स्त्रीला स्वतंत्रपणे राहण्याची वाट ठेवली गेली आहे. पण गावातून गेलेल्या किती मुलींना हे माहीत असते? निघताना दागिने मोजून दिले जातात. आपला पासपोर्ट आपल्याजवळ ठेव, निकाहनाम्याची प्रत माहेरी ठेवून जा, एवढे सांगायला मात्र कोणी नसते.

तिसरी गोष्ट नोंदणीची. १९९८ मध्ये लंडनच्या एका उपाहारगृहात एक निकाह झाला. कायदेशीर नोंदणी पुढे करू म्हणून राहून गेली. संसार झाला, मुले झाली, आणि तलाकाची वेळ आली तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की कायद्याच्या दृष्टीने तेथे लग्नच झालेले नव्हते. अल्लाहच्या नावाने बायको झालेली स्त्री कायद्याच्या कागदावर कोणीच नव्हती. हा दोष केवळ न्यायालयाचा म्हणता येणार नाही. आपल्याकडे १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी असे सांगितले, तेव्हा शरीयतमध्ये ढवळाढवळ होत असल्याची ओरड आपल्यातल्या काहींनी केली. नोंदणी म्हणजे आणखी दोन गवाह. त्यांना घाबरायचे कारण काय?

हक्क कोणाचा?

व्हिसा ही सरकारची मेहेरबानी की जोडीदाराबरोबर राहणे हा नागरिकाचा हक्क, हा या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. अमेरिकन नागरिक असलेल्या, नागरी हक्कांच्या एका वकील स्त्रीच्या पतीला एल साल्वादोरमधल्या अमेरिकन वकिलातीने व्हिसा नाकारला होता. तो गुन्हेगारी टोळीचा असल्याचा संशय होता, तो त्याने नाकारला. वकिलातीने आधी धड कारणही दिले नाही. न्यायालय म्हणाले, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, असा नागरिकाला राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. लग्न करण्याचा हक्क आहे, पण आपल्या देशात आपल्या माणसाबरोबर राहण्याचा नाही. असा हक्क म्हणजे दार नसलेली चौकट.

आपल्या देशाकडेही पाहिले पाहिजे. मुंबई आणि कराची यांच्यामधली नाती फाळणीने तुटली नाहीत. सोयरिकी होत राहिल्या. १९९४ मध्ये भारताची कराचीतली वकिलात बंद झाली आणि तिकडच्या लेकीसुनांना व्हिसासाठी इस्लामाबादचा रस्ता धरावा लागला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ निरपराधांचे बळी घेतले. त्या क्रौर्याला कोठलीच सबब नाही. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले, हे योग्य झाले. तरी अटारीच्या फाटकावर भारतीय पासपोर्ट असलेल्या आया आणि पाकिस्तानी पासपोर्ट असलेली त्यांची मुले एकमेकांपासून तुटताना देशाने पाहिली. देशाच्या सुरक्षेचा विचार सरकारने करायलाच हवा. पण दूध पिणाऱ्या मुलाचा पासपोर्ट पाहून सुरक्षा वाढते का, हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणू नये, एवढी तरी सभ्यता आपण राखली पाहिजे.

मग सरकारांकडे मागायचे काय? सीमा पुसून टाका, असे नव्हे. संमती तपासा, वय तपासा, आधीचे लग्न तपासा, कागद खरे आहेत का ते तपासा. नवरा-बायको एकमेकांवर किती प्रेम करतात, हे तपासू नका, ते तुमच्याने होणार नाही. नकार द्याल तर कारण लिहून द्या आणि त्यावर दाद मागण्याची जागा ठेवा. पोटापुरते आहे का ते पाहा, त्याहून अधिक किंमत लावू नका. आणि खोटेपणाचा संशय असेल तर संशयाचा आधार आधी तुम्ही दाखवा.

आपल्याला स्वतःकडूनही काही मागायचे आहे. मुलीची हो तिच्या तोंडून, एकांतात, दडपणाशिवाय ऐकली गेली पाहिजे. प्रत्येक निकाहाची सरकारी नोंद झाली पाहिजे आणि जमातीच्या दप्तरात तिची प्रत राहिली पाहिजे. परदेशी स्थळाची चौकशी तेथल्या जमातीकडून केली पाहिजे. पैसे घेऊन खोटा निकाह लावणाऱ्याला, मग तो कितीही जवळचा असो, जमातीने गवाह देता कामा नये. गवाही ही आपल्याकडे अमानत मानली गेली आहे. ज्या समाजाची गवाही पक्की असते, त्याच्या लग्नांवर शंका घेणाऱ्याला आधी पुरावा आणावा लागतो. तो आणण्याची पाळी त्यांच्यावर यावी, इतके काम आपल्या हातात नक्कीच आहे.